एकाच दगडावर दोन नावं

जय हिंद. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सिन्नर तालुक्यातल्या तुमच्या गावात वेशीजवळ स्मारक उभं राहतंय आणि २६ जानेवारीला त्याचं अनावरण आहे. गावचा एक जवान, बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे सैन्याच्या इंजिनिअर दलाचा, २००२ साली राजस्थान सीमेवर सुरुंग काढताना गेला. त्याचं नाव कोरायचं ठरलेलंच होतं. मग ग्रामसभेत एका कंत्राटी वायरमनची बायको उभी राहिली. म्हणाली, माझा माणूस २०२४ च्या जूनमध्ये वादळानंतर गावाची लाइन जोडताना पोलवर गेला, त्याचं नाव का नाही? सभेत गोंधळ झाला. अर्धं गाव म्हणतंय, सैनिकाच्या शेजारी वायरमनचं नाव म्हणजे सैनिकाचा अपमान. तुम्ही ग्रामपंचायत सदस्य आहात आणि तुमचा प्रश्न असा, की सैन्यातल्या सेवेला बाकीच्या लोकसेवेपेक्षा जास्त मान असावा का.

माझं उत्तर आधी सांगतो, कारणं मग. दोन्ही नावं घाला. एकाच दगडावर, एकाच उंचीवर, एकाच मापाच्या अक्षरांत. नावाखालची ओळ मात्र दोघांची वेगळी ठेवा, कारण दोघांनी दिलं ते वेगळं आहे.

हे सांगणारा कोण, तेही कळू द्या. मी १९८८ साली नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रात भरती झालो, २६ वर्षं नोकरी केली आणि २०१४ ला नायब सुभेदार म्हणून घरी आलो. त्यानंतर नऊ वर्षं माजी सैनिकांच्या आणि वीरनारींच्या, म्हणजे गेलेल्या जवानांच्या पत्नींच्या, घरांचं काम केलं. पेन्शनचे कागद, वारसनोंदी, मुलांचे वसतिगृहाचे अर्ज, आणि जिल्ह्यातल्या गावोगावच्या स्मारकांचे कार्यक्रम. तुमच्यासारखा वाद याआधी तीन गावांत पाहिलाय. तिन्ही ठिकाणी भांडण झालं ते ‘मोठा कोण’ यावर, आणि ज्या दोन घरांतली माणसं गेली होती त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

‘मोठा कोण’ याचं उत्तर निघत नाही. मान नेमका कशाबद्दल द्यायचा, एवढं ठरवलं तर बाकीचं सुटत जातं.

सैनिकापासून सुरू करतो, कारण त्याच्या बाजूचं म्हणणं पोकळ नाही. नाशिकरोड कॅम्पात रिक्रूटची ट्रेनिंग संपली की कसम परेड होते. पायदळाच्या पलटणीला निशाण असतं, तोफखान्याला वेगळं निशाण नसतं. आमची तोफ हेच आमचं निशाण, आणि तिच्या साक्षीने शपथ होते. शपथेत वाक्य आहे, की जमिनीवरून, समुद्रातून किंवा हवेतून जिथे पाठवतील तिथे जाईन आणि हुकूम पाळीन, मग त्यात जीव धोक्यात आला तरी. वीस वर्षांचा होतो मी. त्या दिवशी आईवडील आले होते, परेडनंतर लाडू वाटले, त्या वाक्याचा अर्थ काही कळला नव्हता. तो कळला अकरा वर्षांनी, द्रासमध्ये.

त्या वाक्यामागे कायदा उभा आहे. १९५० च्या आर्मी ॲक्टप्रमाणे युद्धाच्या कामगिरीवरून पळालेल्या जवानाला मृत्युदंडापर्यंत शिक्षा होऊ शकते. घटनेच्या ३३ व्या कलमाने संसदेला सैनिकाचे मूलभूत हक्क आखडते घेण्याचा अधिकार दिलाय. त्याला युनियन करता येत नाही, संप करता येत नाही, पेपरात जाऊन बोलता येत नाही. डॉक्टर म्हणू शकतो, ही ड्युटी मला जमणार नाही. इंजिनिअर राजीनामा टाकू शकतो. सैनिकाने ‘नाही’ म्हणण्याचा हक्कच भरतीच्या दिवशी काढून दिलेला असतो, आणि पुढे काय येणार हे माहीत नसताना दिलेला असतो. शिवाय अग्निपथ योजनेआधी भरती झालेला साधा शिपाई सदतिशी-अडतिशीच्या आसपास रिटायर होतो. घरात मुलं शाळेत असतात आणि हा सातपूर-अंबडच्या कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीची नोकरी शोधत असतो. माझे किती तरी सोबती तिथे उभे आहेत.

म्हणून सैनिकाला वेगळा मान हवा, असं मी ठामपणे म्हणतो. पण ‘वेगळा’ आणि ‘वरचा’ यांत फरक आहे, आणि तो मला तोफेपाशीच शिकायला मिळाला.

जून १९९९, कारगिलचं युद्ध. आमच्या बोफोर्स तोफा द्रासमध्ये रस्त्यालगत लागल्या होत्या. वरचं तोलोलिंग शिखर १३ जूनला परत मिळालं. तोपर्यंत श्रीनगर-लेह रस्त्याचा तो पट्टा वर बसलेल्या शत्रूला तळहातासारखा दिसत होता. मी तेव्हा नाईक होतो. चाळीस किलोवरचा एकेक गोळा उचलून उचलून हातांची सालं गेली होती. आपल्या गोळ्यांना उत्तर म्हणून पलीकडून गोळे यायचे आणि बहुतेक रस्त्याच्या आसपास पडायचे. एका दुपारी रस्त्यावर खड्डा पडला आणि दारूगोळ्याच्या गाड्या मागे अडकल्या. ग्रेफचा, म्हणजे सीमा रस्ते संघटनेचा एक डोझर पुढे आला. चालवणारा माणूस सिव्हिलियन. अंगात मळका स्वेटर, डोक्याला मफलर. हेल्मेट नाही, जॅकेट नाही. आम्ही निदान तोफेच्या खड्ड्यात होतो, भोवती दगड आणि वाळूच्या गोण्या होत्या. तो उंच सीटवर उघड्यावर बसलेला. एक गोळा शंभरेक मीटरवर पडला. तो खाली उतरला, डोझरच्या आडोशाला बसला, धूळ खाली बसली तसा परत चढला आणि राहिलेला खड्डा भरून घेतला. त्याच्याबरोबर पाच-सहा मजूर होते, तेव्हाच्या बिहारमधल्या दुमक्याकडचे. ते फावड्याने कडा सारखी करत होते. अर्ध्या तासात गाड्या सुटल्या. त्या गाड्यांतले गोळे आम्ही रात्री डागले.

माझ्या छातीवर त्या लढाईचं पदक आहे. त्या माणसाचं नाव मला आजही माहीत नाही. विचारायला हवं होतं, हे पुढे वर्षानुवर्षं मनात राहिलं. तुमच्या गावात एक बाई सभेत उभी राहून नाव सांगतेय, हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा तोच डोझरवाला आठवला.

उलट बाजूही सांगायला हवी. माझ्या २६ वर्षांतली जवळजवळ दहा वर्षं पीस स्टेशनला, म्हणजे लढाईपासून दूरच्या छावणीत, गेली. क्वार्टर होतं, कॅन्टीन होतं, मिलिटरी हॉस्पिटल होतं. सकाळी पीटी, दिवसभर गनची देखभाल, संध्याकाळी खेळ. शिस्त कडक होती, पण जीव धोक्यात नव्हता. त्याच काळात आमच्या सुरगाणा-पेठच्या डोंगरी पाड्यांवर आशाताई पावसाळ्यात ओढे ओलांडून बाळंतिणींपर्यंत जात होत्या, त्याही पगारावर नव्हे, कामागणिक मिळणाऱ्या मोबदल्यावर. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. त्या दहा वर्षांत माझी वर्दी तिच्या साडीपेक्षा जास्त मानाची होती असं मी म्हणू शकत नाही. वर्दीमुळे मी कधीही बोलावला जाणार होतो, तेवढंच माझं वेगळेपण होतं.

सरकारनेही हा प्रश्न वर्दीवर सोडलेला नाही. परमवीर चक्र शत्रूसमोरच्या शौर्यासाठी आहे आणि ते सैन्याचंच आहे. पण शत्रूसमोर नसताना दाखवलेल्या शौर्यासाठी शांतताकाळातला सर्वोच्च सन्मान आहे तो अशोक चक्र, आणि तो नागरिकांनाही मिळतो. विमान अपहरणात प्रवाशांना वाचवताना गेलेल्या नीरजा भनोत यांना तो मिळाला. हातात फक्त लाठी असताना गिरगाव चौपाटीवर कसाबच्या बंदुकीची नळी छातीशी धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांना २००९ साली मिळाला. पदक देताना बघतात ते प्रसंग कुठला होता आणि माणसाने काय केलं, हे.

आपल्या जिल्ह्यातली गोष्ट तर तुमच्या गावात सगळ्यांना आठवत असेल. २५ जानेवारी २०११. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाडजवळ पानेवाडीला रॉकेलची भेसळ पकडायला गाडीतून उतरले आणि भरदिवसा त्यांना जिवंत जाळलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. सोनवणे गाडीतून उतरले नसते तर त्यांच्यावर कुठलंही कोर्ट मार्शल होणार नव्हतं. कुणी हुकूम दिला नव्हता, कसम परेड झाली नव्हती. सैनिकाचा मोठेपणा यात आहे की त्याने ‘नाही’ म्हणण्याचा हक्क आधीच सोडला. या माणसाकडे तो हक्क शाबूत होता आणि तरी तो ‘नाही’ म्हणाला नाही. यातलं कुठलं मोठं, हे ठरवायला माझ्याकडे तराजू नाही. असेल तर तुमच्या ग्रामसभेतल्या कुणी आणून दाखवावा.

आता वायरमनकडे येतो. जे म्हणतात, ‘तो काय, लाइटवाला,’ त्यांनी हे काम जवळून पाहिलेलं नसतं. मी निफाडकडे आमच्या शेतावर एकदा पाहिलंय. वळवाच्या पावसात बाभळीची फांदी अकरा हजारच्या लाइनवर पडली. संध्याकाळी पोरगा आला. सबस्टेशनला फोन करून फिडर, म्हणजे त्या बाजूची लाइन, बंद करून घेतला, दांडा लावून तारांना अर्थिंग केलं, म्हणजे त्या जमिनीला जोडल्या, आणि चढला. पोल ओला. कमरेला पट्टा, पायात साधे गमबूट, पक्कड तोंडात धरलेली. दोन्ही हात वर. आणि त्याच्या शर्टाच्या खिशात मोबाइल सारखा वाजत होता, खिशातून उजेड दिसत होता. लोक विचारत होते, लाइट कधी येणार. तो खाली उतरला तेव्हा सतरा मिस कॉल होते.

फिडर बंद असला तरी लाइन मेलेली असतेच असं नाही, हे गावात फार थोड्यांना ठाऊक असतं. कुणी तरी घरचा किंवा मंगल कार्यालयाचा जनरेटर चेंजओव्हर स्विच (लाइन किंवा जनरेटर, एका वेळी एकच जोडणारा) न बसवता जोडलेला असतो. तो सुरू झाला की करंट उलटा डीपीत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये, जातो. डीपी एरवी अकरा हजारचे चारशे चाळीस करते, तीच मग उलटं काम करून लाइनवर पुन्हा जीवघेणा दाब चढवते. म्हणून तर दोन्ही बाजूंनी अर्थिंग करायचं असतं, आणि घाईत किंवा साहित्य अपुरं असलं की तेच राहून जातं. तुमच्या गावात नेमकं काय झालं ते मला माहीत नाही आणि दोष कुणाचा हे मी इथे बसून सांगणार नाही. पण त्या रात्री तो पोलवर गावासाठी चढला होता, यात वाद नाही ना?

आणि एक गोष्ट तुमच्या सभेत कुणी बोललेली दिसत नाही. तुमचा जवान कसा गेला ते पुन्हा पाहा. डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला आणि ऑपरेशन पराक्रममध्ये सैन्य सीमेवर गेलं. पश्चिम सीमेवर मैलोन् मैल सुरुंग पेरले गेले. युद्ध झालंच नाही. २००२ च्या ऑक्टोबरात सैन्य मागे घ्यायचं ठरलं, पण पेरलेले सुरुंग एकेक करून काढावे लागले, कारण ती शेतं होती आणि शेतकऱ्यांना परत पेरणी करायची होती. युद्ध न झालेल्या त्या काळात किती तरी जवान सुरुंग पेरताना आणि काढताना गेले. सॅपरचं काम कसं, तर गुडघ्यावर बसायचं, हातातली सळी तिरकी करून वीत वीत जमीन टोचत पुढे सरकायचं. वाऱ्याने वाळू सरकली की नकाशावरची सुरुंगाची जागा आणि जमिनीतली जागा जुळत नाही. तुमचा जवान दुसऱ्या कुणाचं तरी शेत मोकळं करून देताना गेला. वायरमन दुसऱ्यांच्या घरात दिवा लागावा म्हणून गेला. दोघांसमोर बंदूक घेतलेला शत्रू नव्हता. दोघांना मारलं ते न दिसणाऱ्या धोक्याने, आणि दोघंही तो धोका लोकांच्या वाटेतून दूर करत होते. ही दोन नावं शेजारी शेजारी शोभतील की नाही, हे आता तुम्हीच पाहा.

आमच्या माजी सैनिकांच्या बैठकीत यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो रास्त आहे. ते म्हणतात, सगळ्यांना मान द्यायला निघालात तर कुणालाच दिल्यासारखं होणार नाही. आज वायरमन, उद्या पतसंस्थेचे चेअरमन, परवा कुणाचे तरी आजोबा. खरं आहे. मी एका गावात संगमरवरी फरशीवर एकवीस नावं पाहिली, त्यातली चौदा देणगीदारांची. म्हणून रेघ ओढावी लागते, आणि ती घट्ट ओढा. माझी रेघ अशी: लोकांच्या कामावर असताना, त्या कामातल्याच धोक्याने, जीव गेला पाहिजे. चाळीस वर्षं प्रामाणिक नोकरी केलेल्या गुरुजींचा सत्कार जरूर करा, शाळेच्या खोलीला त्यांचं नाव द्या. स्मारकाच्या दगडावर नको. मी स्वतः द्रासमधून परत आलो, माझंही नाव तिथे नको. सुट्टीवर येताना मोटारसायकलवरून पडून गेलेल्या जवानाचं काय, हा प्रश्न पुढे येईल. त्याच्या घराला आधार द्या, पण या दगडावर तोही बसत नाही. हे बोलणं कठोर वाटेल, पण ही रेघ दोन्ही बाजूंना सारखी लागू केली तरच वायरमनचं नाव उपकार म्हणून आलं असं कुणी म्हणू शकणार नाही.

बाकी, सिव्हिलियन शेजारी आला म्हणून सैन्याला कमीपणा येतो, हे सैन्याबाहेरचेच लोक जास्त बोलतात. २०१६ च्या मे अखेरीस वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडाराला आग लागली. आगीशी लढताना दोन लष्करी अधिकारी गेले आणि त्यांच्याबरोबर डेपोच्या अग्निशमन दलातले नागरी कर्मचारीही गेले. एकच रात्र, एकच आग. ३ मे २०२० ला करोनाच्या काळात हवाई दलाने देशभर इस्पितळांवर फुलं टाकली, सैन्याच्या बँड पथकांनी डॉक्टर-नर्ससमोर उभं राहून धून वाजवली. तेव्हा आमच्यातल्या कुणालाही आपली शान घटली असं वाटलं नाही.

आता जे मला जास्त कळतं त्याकडे येतो. मान ही गोष्ट गावाला फुकट पडते, आणि म्हणून ती देणं असलेल्या गोष्टींच्या जागी दिली जाते. चांदवडकडच्या एका वीरनारीकडे मी पेन्शनच्या कामाला गेलो होतो. तिने लोखंडी पेटी उघडून दाखवली. आत घडी घातलेल्या शाली होत्या, वरपर्यंत. आम्ही मोजल्या, चौतीस निघाल्या. मला म्हणाली, “भाऊ, ह्यांचं काय करू? वापरवत नाहीत, आणि कोणाला द्याव्या तर लोक म्हणतील मानाच्या शाली वाटून टाकल्या.” तिच्या सातबाऱ्यावर तोवर वारसनोंद झालेली नव्हती. सहा वर्षं झाली होती. शाल पांघरायला आलेल्या चौतीस जणांतल्या एकानेही ते विचारलं नव्हतं. तो फेरफार मंजूर झाला त्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्याशी हसून बोलली.

तुमच्या जवानाच्या घरच्यांना सुरुंग काढताना मृत्यू म्हणून उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे त्याच्या शेवटच्या पगाराइतकी पेन्शन, मिळायला हवी. विशेष कुटुंब पेन्शन साठ टक्क्यांची असते आणि साधी तीस टक्क्यांची. चुकीच्या वर्गात नोंद झालेली घरं मी पाहिलीत. पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या मंजुरी आदेशावर, काय लिहिलंय ते एकदा वाचा, आणि शंका असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवा.

वायरमनच्या बायकोचं प्रकरण जास्त तातडीचं आहे. तो कंत्राटी होता म्हणून तिला ‘कंपनीचा माणूस नव्हता’ असं सांगून परत पाठवलं असेल तर ते मान्य करू नका. तो गेला तेव्हा कर्मचारी नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा लागू होता (नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली), आणि त्यात कंत्राटदाराच्या कामगाराची भरपाई मूळ काम देणाऱ्याकडूनही मागता येते. दाव्याला मृत्यूपासून दोन वर्षांची मुदत असते. २०२४ चा जून म्हणजे ती जून २०२६ मध्ये संपते. उशीर सबळ कारणाने माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका. नाशिकला कामगार न्यायालयात काम करणाऱ्या वकिलाला या महिन्यातच भेटा. पोस्टमॉर्टेमचा अहवाल, पोलीस पंचनामा, विद्युत निरीक्षकाचा अहवाल आणि त्याच्या मजुरीचा काही पुरावा, मग तो बँकेच्या पासबुकातला जमा आकडा का असेना, बरोबर घ्या. दगडावर नाव येईल की नाही हे ठरायच्या आधी हे काम करा. ग्रामपंचायतीने तिच्याबरोबर एक माणूस दिला तर तो दगडापेक्षा तिच्या जास्त उपयोगी पडेल.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. स्मारकाचा पैसा फक्त सैनिक स्मारक म्हणून मंजूर झाला असेल तर मंजुरीचा कागद आधी वाचा. तसं असेल तर दुसरा दगड त्याच ओट्यावर लोकवर्गणीतून बसवा, पण उंची तीच ठेवा. आणि सगळ्यात आधी जवानाच्या आईकडे जा. सभेत नव्हे, घरी, दोघं-तिघंच. तिला विचारा. माझा अनुभव असा, की अशा घरातून नकार क्वचित येतो. ज्या घरातलं माणूस गेलंय त्याला दुसऱ्या तसल्या घराची वाट माहीत असते. तरीही ती नको म्हणाली तर तिचा शब्द शेवटचा, मग दुसऱ्या दगडाचा मार्ग धरा.

मजकुरात ‘शहीद’ शब्दावरून भांडण होईल. सरकारी कागदात तो शब्द अधिकृत नाही, संसदेतही हे सांगितलं गेलंय. लष्कराच्या कागदावर ‘बॅटल कॅज्युअल्टी’ असं येतं. लोकांच्या तोंडी शहीद आहे, असू द्या, पण दगडावर विशेषणापेक्षा काम लिहा. ‘सुरुंग काढून शेतं मोकळी करताना, राजस्थान सीमा, २००२.’ ‘वादळानंतर गावाची वीज जोडताना, जून २०२४.’ वीस वर्षांनी शाळेतलं पोर ते वाचेल तेव्हा त्याला माणूस कसा गेला ते कळेल. अनावरणाला उत्साहात वायरमनच्या फोटोवर तिरंगा पांघरू नका. शासकीय इतमाम आणि सैन्य-निमलष्करी दलाचे अंत्यसंस्कार सोडून ध्वज असा पांघरणं कायद्याने गुन्हा आहे, आणि त्यातून नवा वाद उभा राहील. जवानाच्या फोटोवरही आता नको. फुलं पुरेत.

नावाची खात्री करून घ्या, ही शेवटची आणि माझ्या लेखी महत्त्वाची गोष्ट. एका गावात अनावरण झाल्यावर जवानाची आई दगडाजवळ गेली. तिला वाचता येत नव्हतं. तिने अक्षरांवरून बोट फिरवलं आणि नातीला म्हणाली, वाच. नातीने वाचलं तर नाव चुकलेलं. कोरणाऱ्याला फोनवर नाव सांगितलं होतं. कार्यक्रम संपला, पाहुणे गेले, आणि ती बाई दगडापाशी तशीच बसून राहिली. दगड बदलायला दीड वर्ष लागलं.

तेव्हा दोन्ही घरांतून नाव त्यांच्याच हाताने कागदावर लिहून घ्या, आणि कोरणाऱ्याने पेन्सिलने आखलं की छिन्नी लावायच्या आधी घरच्यांना एकदा दाखवा. वायरमनच्या बायकोला विचारा, लोक त्याला कोणत्या नावाने हाक मारायचे. लाइट गेली की अर्धं गाव ज्या नावाने फोन करायचं, ते कंसात आलं तरी चालेल.